शाकारणी ते कोबा : घरदुरुस्तीत छपराखाली राबणारा बिगारी

छपराची दुरुस्ती एकट्या माणसाच्या हातून होत नाही. पाख्यावर बसून कौल, पत्रा किंवा पेंढा बसवणारा कारागीर एक असेल, तर त्याच्या हाताखाली निदान एक आणि बहुधा दोन-तीन माणसे लागतात. जुना माल उतरवणे, त्यातला धड आणि फुटका वेगळा करणे, साफ करणे, नवा माल शिडीवरून वर पोचवणे, चुना किंवा सिमेंट कालवणे, शिडी धरणे, दोर ओढणे आणि शेवटी पडझडीचा ढीग उचलून जागा झाडून देणे ही त्यांची कामे. महाराष्ट्रात या माणसाला बिगारी, गडी किंवा नुसता हाताखालचा माणूस म्हणतात. सुतार आणि कुंभार हे बलुतेदार होते. गावगाड्यात त्यांचा वाटा ठरलेला होता आणि घरबांधणीच्या इतिहासात त्यांच्या कसबाची नोंदही होते. छपराखालच्या बिगाऱ्याला ठरलेला वाटा नव्हता आणि त्याच्या कामाला कसब मानण्याची रीतही नव्हती. घरे मात्र पिढ्यान्‌पिढ्या कोरडी राहिली ती त्याच्या श्रमावर.

या कामाचा हंगाम पावसाने ठरवला. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, सह्याद्रीच्या माथ्यावर त्याहून कितीतरी अधिक. मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनला लागते आणि त्याआधी छप्पर तयार असावेच लागते. त्यामुळे होळीपासून मृगापर्यंतच्या जेमतेम तीन महिन्यांत गावातली सगळी छपरे एकदम दुरुस्तीला निघत. राब भाजून झालेले आणि पेरणीला अजून अवकाश असलेले शेतमजूर याच काळात मोकळे असत. छपरावरचा मजूर वर्षभर छपरावरचा नव्हता. उरलेल्या महिन्यांत तो नांगरामागे, आवणीत किंवा लाकूडतोडीवर असे.

सर्वांत जुने आणि गरिबाच्या घरी सर्वांत जास्त टिकलेले छप्पर केंबळाचे. डोंगराळ भागात गवत, भातपट्ट्यात पेंढा आणि किनाऱ्यावर नारळाची झापे वापरीत. पेंढ्याचे छप्पर दरवर्षी नव्याने शाकारावे लागे, चांगल्या गवताचे एखादे वर्ष जास्त जाई. झाप विणण्याचे काम मुख्यतः बायकांचे होते. झावळी पाण्यात भिजवून, मधल्या दांड्यावर चिरून तिची पाती एकाआड एक गुंफत. या विणीवर छप्पर गळणार की नाही हे ठरे, तरी तिची मजुरी वेगळी धरली जात नसे. बांधायला सुंभ किंवा केवणीच्या सालीचे बंध लागत; ते आधी भिजवून मऊ करून ठेवणे हेही हाताखालच्या माणसाचे काम. पेंढ्याच्या पेंड्या खालून वर फेकायच्या त्या शाकारणाऱ्याच्या हातातच पडाव्या लागत. तो वाशांच्या सांगाड्यावर तोल सांभाळून बसलेला असे आणि वाकून पेंडी झेलायला गेला तर खाली येण्याची भीती असे.

या टप्प्यावर मजूर आणि मालक हा भेद बराच पुसट होता. मावळ आणि उत्तर कोकणात सावडीने कामे होत: आज याच्या घरावर सगळे, उद्या त्याच्या. मोबदला म्हणजे त्या दिवसाचे जेवण आणि परतफेडीची हमी. मात्र हा व्यवहार बरोबरीच्या लोकांतला होता. खोताच्या किंवा वतनदाराच्या घरावर चढणारी कुळे सावडीने चढत नसत. त्यांना बोलावणे येई आणि ते नाकारण्याची सोय नसे. गावसंबंधांतली ही वेठ छपराच्या कामालाही लागू होती, हे विसरून जुन्या काळच्या सहकाराचे नुसते कौतुक केले तर चित्र अर्धवट राहते.

केंबळानंतरचे, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्याच शेजारी नांदणारे छप्पर देशी कौलांचे. कुंभार चाकावर मातीची लांबट नळी काढी आणि ओली असतानाच ती उभी चिरून तिची दोन कौले करी. म्हणून या कौलांना नळे किंवा नळीची कौले म्हणत. विदर्भात कवेलू हा शब्द रूढ आहे. एक ओळ उताणी आणि तिच्या सांध्यांवर दुसरी पालथी, अशी ती रचली जात. त्यांना खिळा नसे, खाच नसे. उतारावर ती केवळ एकमेकांच्या आधाराने आणि वजनाने राहत. वारा, मांजरे, कावळे आणि विशेषतः वानरे यांनी ती सरकत आणि फुटत. त्यामुळे दर उन्हाळ्यात सारे छप्पर उतरवून पुन्हा रचणे भाग असे. कोकणात याला नळे परतणे किंवा कौले चाळणे म्हणतात.

परतणीचे खरे काम जमिनीवर चाले. वरून उतरलेली कौले अंगणात मांडली जात. वर्षभराचे शेवाळ, पानांचा कुजलेला थर, पाखरांची घरटी आणि वाळवीची माती खरवडून निघे. मग प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून पाहायचे. बाजारात मडके घेताना पाहतात तसेच हे: खणखणीत वाजले तर धड, बद्द वाजले तर आत चीर आहे. चीर डोळ्यांना दिसत नाही, पण पहिल्या सरीत पाणी तिथूनच झिरपते. धड कौलांची एक रास, टोक तुटलेल्यांची दुसरी आणि निकामी तिसरी. टोक तुटलेली कौले वळचणीच्या किंवा भिंतीलगतच्या कमी जोखमीच्या जागी जात आणि निकामी खापऱ्या अंगणाच्या भरावाला. नवी किती लागतील हा अंदाज या राशींवरून निघे आणि त्यावर कुंभाराला सांगावा जाई. ही निवड चुकली तर वरच्या माणसाने कितीही नीट रचले तरी घर गळणार. म्हणजे ज्या कामाला अकुशल म्हटले जाते त्यातच दुरुस्तीचा निर्णायक भाग होता. अनेक घरांत ही निवड म्हातारी माणसे करीत, कारण त्यांचा कान तयार असे.

घाटमाथ्याच्या पूर्वेला, कमी पावसाच्या प्रदेशात, छपराचा प्रकारच वेगळा. मराठवाडा आणि सोलापूरकडे तुळयांवर लाकडी किलचन, त्यावर पाला किंवा चिपाडे आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर असे माळवद बांधीत. पांढरी माती पाण्याने फुगून बसते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, म्हणून पावसाआधी नवी माती आणून पसरायची आणि चोपून बसवायची. गावाजवळच्या पांढरीतून माती खणणे, पाटीने वाहणे आणि शिडीने वर नेणे हे सगळे डोक्यावरचे ओझे. जुना थर काढून नवा टाकणे दुप्पट मेहनतीचे, त्यामुळे बहुधा जुन्यावरच नवा थर चढे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या या डागडुजीने माळवदाची जाडी वाढत गेली. दीड-दोन फूट मातीची माळवदे मुळीच दुर्मिळ नव्हती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे दगावली. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या भिंती आणि त्यांवरचे हे वजन, ही दोन्ही कारणे तज्ज्ञांनी दाखवून दिली. त्यानंतर जागतिक बँकेच्या मदतीने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात गावेच्या गावे नव्याने वसवली गेली, आणि त्याशिवाय सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण हाती घेतले गेले. त्यात माळवदावरची जादा माती उतरवणे हे एक मुख्य काम होते. ज्या हातांनी ती वर नेली होती त्याच वर्गातल्या हातांना ती घमेल्याघमेल्याने खाली आणावी लागली. गावोगावच्या महिला मंडळांतून नेमलेल्या संवाद सहायकांनी ही माती का काढायची हे घरमालकांना समजावले. घर थंड ठेवणारा थर घालवायला लोक सहज तयार नव्हते.

कौलांच्या कामात मोठा बदल घडवला मंगळुरी कौलाने. एकमेकांत अडकणाऱ्या, साच्यात दाबून काढलेल्या कौलाचा शोध फ्रान्समधल्या अल्सास प्रांतातल्या जिलार्दोनी बंधूंचा, १८४१ चा. बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगळूरजवळ जेप्पू येथे नेत्रावतीच्या काठी अशा कौलांचा कारखाना काढला. थोड्याच वर्षांत स्थानिक उद्योजकांचे कारखानेही उभे राहिले आणि गलबतांतून ही कौले कारवार, गोवा, रत्नागिरी व मुंबईच्या बंदरांत उतरू लागली. रेल्वे आल्यावर ती देशावरही पोचली. सरकारी कचेऱ्या, रेल्वे स्थानके आणि शाळा यांवर ती आधी चढली, मग सावकारांच्या वाड्यांवर. मुंबईतल्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर ती शेवटी साध्या घरावर आली. केंबळ जाऊन मंगळुरी कौले येणे ही कोकणात घराण्याची स्थिती सुधारल्याची खूण मानली जाई.

या कौलाला मागे खाच असते आणि ती रिपेवर अडकते, म्हणून रिपांचे अंतर काटेकोर, सुमारे ३२ सेंटिमीटर, ठेवावे लागते. त्यामुळे सुताराचे महत्त्व वाढले आणि घरच्या माणसांनी सहज करण्याजोगे काम भाड्याच्या कारागिराकडे गेले. बिगाऱ्याच्या कामाचे वजनही बदलले. एक कौल साधारण अडीच किलोचे आणि १०० चौरस फूट छपराला सुमारे १५० कौले लागतात. १,००० चौरस फुटांच्या पाख्यांचे घर चाळायचे म्हणजे दीड हजार कौले, जवळजवळ पावणेचार टन वजन एकदा खाली आणि एकदा वर. हे वजन हातोहात जाई: अंगणात एक, शिडीच्या मध्यावर एक, वळचणीशी एक आणि पाख्यावर कारागीर. कौले दोन-दोनच्या जोडीने वर सरकत. शिडीवरच्या माणसाचे दोन्ही हात कौलांत गुंतलेले असल्याने तो पायांच्या आणि गुडघ्यांच्या आधारावरच उभा असे. साखळीत एकाची लय चुकली की कौल खालच्याच्या डोक्यावर येई. पागोट्याचा किंवा टॉवेलचा वेढा एवढेच डोक्याला संरक्षण.

मुंबईत या श्रमाचा बाजार फार लवकर तयार झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून बांधकामाच्या मजुरीसाठी निजामाच्या मुलखातून आलेल्या तेलुगू भाषक कामाठ्यांच्या वस्तीवरून कामाठीपुरा हे नाव पडले. त्यांच्यातून पुढे ठेकेदारही निघाले. व्यंकू बाळाजी काळेवार, जाया कराडी लिंगू आणि नागू सयाजी हे त्यांपैकी होत. तिघेही महात्मा फुले यांच्या सत्यशोधक चळवळीचे पाठीराखे होते, हे मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे. फुले स्वतः ठेकेदारीत होते, त्यामुळे बांधकामावरच्या मजुराची स्थिती त्यांनी जवळून पाहिली होती. कामाठ्यांच्या जोडीला घाटावरचे वडार, दुष्काळाने हुसकलेले शेतकरी आणि कोकणातले मजूर आले. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून येणारा ओघ वाढला.

शहरातल्या जुन्या चाळी लाकडी सांगाड्याच्या आणि मंगळुरी कौलांच्या होत्या. भाडे नियंत्रणाच्या १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. त्याने लाखो भाडेकरूंना छप्पर टिकवता आले, पण त्याच छपराची दुरुस्ती मालकांनी हळूहळू सोडून दिली. कौले बदलली न गेल्याने पाणी वाशांच्या टोकांत मुरले, टोके कुजली आणि इमारती कोसळू लागल्या. अखेर १९६९ मध्ये मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. शहर बेटावरच्या १९,६४२ जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्यांची दुरुस्ती सार्वजनिक जबाबदारी ठरली. १९७७ पासून हे काम म्हाडाकडे, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाकडे आले. ठेकेदारामार्फत होणाऱ्या या दुरुस्तीत बिगारी टेकू लावी, कुजलेली तुळई उतरवून लोखंडी गर्डर चढवायला मदत करी, आणि माणसे आत राहत असतानाच त्यांच्या डोक्यावरचे छप्पर उघडून संध्याकाळपर्यंत ताडपत्रीने झाकी.

त्याच १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कामगारांचा कायदा केला. बाजारपेठा, गोदी आणि गोदामांतल्या डोक्यावर ओझे वाहणाऱ्यांना त्याने मंडळ, नोंदणी आणि भविष्यनिर्वाह निधी दिला. एकाच वर्षी जुन्या इमारतीला मंडळ मिळाले आणि हमालाला मिळाले. त्या इमारतीच्या छपरावर ओझे चढवणारा बिगारी मात्र दोन्हींच्या बाहेर राहिला. कारण त्याचा मालक रोज बदलत होता. अण्णासाहेब पाटील यांच्यासारखे संघटक माथाड्यांना बाजारात एका जागी गाठू शकले, बिगाऱ्यांना गाठण्यासारखी एक जागा नव्हती.

सपाट छपरे वाढली तसा दुरुस्तीचा आणखी एक प्रकार आला. जुन्या गच्चीवर विटांचे तुकडे आणि चुना यांचा थर घालून तो लाकडी थापींनी बडवीत. चुना हळूहळू घट्ट होतो, म्हणून बडवणे कित्येक दिवस चाले आणि मधूनमधून गूळ आणि बेलफळ घातलेले पाणी शिंपडले जाई. या कामावर बायकांच्या रांगा असत. त्या बसून, एका तालात, गाणी म्हणत बडवीत पुढे सरकत. ताल सुटला तर थर एकसारखा बसत नाही, त्यामुळे गाणे हा कामाचाच भाग होता. सिमेंट आल्यावर बडवण्याची जागा वीटकोब्याने घेतली: विटांचे तुकडे सिमेंटच्या मसाल्यात उताराने रचायचे, वर गिलावा करायचा आणि बांध घालून पाणी साठवून गळती तपासायची. दिवस कमी झाले, पण विटा, रेती आणि पाणी चार-पाच मजले वर नेणे राहिलेच. बहुतेक जुन्या इमारतींना लिफ्ट नव्हती.

बिगाऱ्याला वर चढण्याची एक वाट असते. जेवणाच्या सुट्टीत थापी हातात घेऊन भिंतीचा कोपरा सरळ करून पाहायचा, मिस्त्रीची मर्जी राखायची आणि काही वर्षांत स्वतः मिस्त्री व्हायचे. पुरुषांपैकी पुष्कळ जण असे झाले. बाईला ती वाट जवळजवळ बंद राहिली. चुंबळीवर घमेले ठेवून ती वीस वर्षांनंतरही घमेलेच वाहते. समान वेतनाचा कायदा १९७६ मध्ये झाला, पण एकाच कामाला बाईचा रोज कमी ठेवण्याची मजूर-नाक्यावरची रीत त्याने मोडली नाही. हा या धंद्याच्या इतिहासातला सर्वांत न बदललेला भाग आहे.

पत्र्याचे छप्पर घाईच्या आणि गरजेच्या घरांवर आले. नालीदार लोखंडी पत्रा १८२९ मध्ये लंडनमध्ये निघाला आणि जस्ताचा मुलामा चढल्यावर वसाहतींत पसरला. अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे ऑस्ट्रियात १९०० च्या सुमारास निघाले आणि १९३० नंतर भारतात बनू लागले. ते लोखंडी पत्र्यापेक्षा कमी तापतात, गंजत नाहीत आणि स्वस्त असतात, म्हणून चाळींच्या वाढीव खोल्या, गोदामे आणि झोपडपट्ट्या त्यांनी व्यापल्या. छपरावरच्या मजुराला मात्र त्यांनी नवे धोके दिले. कौल फुटले तर पाय रिपेत अडकतो. सिमेंटचा पत्रा सबंध फुटतो आणि माणूस थेट खाली जातो. पत्र्याखालच्या आडव्या वाशाच्या ओळीवरच, म्हणजे जिथे बोल्ट दिसतात तिथेच पाय ठेवायचा, हा पहिला नियम नव्या बिगाऱ्याला सांगितला जातो. पावसात भिजलेल्या, शेवाळलेल्या जुन्या पत्र्यावर तो पाळणे कठीण असते.

दुसरा धोका धुळीचा. पत्रा करवतीने कापताना किंवा जुना फोडून उतरवताना अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसांत जाऊन वर्षानुवर्षे राहतात; त्यांच्या सर्व प्रकारांनी कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटना मानते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याचा हक्क मान्य करून वैद्यकीय नोंदी ठेवणे बंधनकारक केले. कारखान्याच्या दाराबाहेर, गल्लीत बसून पत्रा कापणाऱ्याची नोंद ठेवणारा कोणी नाही. तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवत नाही.

बांधकाम कामगारांच्या देशव्यापी कायद्याची मागणी १९८५ पासून संघटितपणे पुढे आली. निवृत्त न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय मोहीम समिती उभी राहिली आणि १९९६ मध्ये इमारत व इतर बांधकाम कामगारांचा कायदा झाला. त्याच्या व्याख्येत नव्या बांधकामाबरोबर दुरुस्ती आणि देखभालही स्पष्टपणे आली. १९९८ च्या केंद्रीय नियमांत उतरत्या छपरावर काम करताना सरपटण्याच्या फळ्या आणि आधार द्यावेत अशी तरतूद झाली. महाराष्ट्राचे नियम २००७ चे आणि कल्याणकारी मंडळ २०११ चे. नोंदणीसाठी मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार तो देत नसेल तर ग्रामसेवक किंवा नगरपालिकेचा अधिकारी देऊ शकतो. पण मे महिन्यापुरता छपरावर आणि उरलेल्या वर्षात शेतात असणाऱ्या माणसाचे ९० दिवस भरतच नाहीत.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा या श्रमाची किंमत एकदम दिसली. कौले नुकतीच चाळून झाली होती. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड आणि दापोली भागांत छपरे उडाली, आणि करोनाच्या टाळेबंदीमुळे बाहेरगावचे मजूर आधीच निघून गेलेले होते. कौले आणि पत्रे मिळेनात. मिळाले तरी चढवायला माणूस मिळेना. अनेक घरांनी पावसाळा ताडपत्रीखाली काढला. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने पुन्हा तेच केले. त्यानंतर कोकणात कौले उतरवून लोखंडी सांगाड्यावर रंगीत पत्रा घालणाऱ्यांची संख्या वाढली. वानरांचा उपद्रव आणि दरवर्षी चाळायला गडी न मिळणे ही कारणे आधीपासून होतीच. पत्र्याला दरवर्षीची परतणी लागत नाही. त्याबरोबर उन्हाळ्यातला तो रोजगारही जातो, आणि उरते ते वेल्डरच्या हाताखालचे काम.

छपरावरच्या अशा छोट्या कामापर्यंत कायदाही पोचला नाही, कारण वर सांगितलेल्या १९९६ च्या कायद्याच्या मुळाशीच एक मर्यादा होती. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच तो लागू झाला, आणि स्वतः राहण्यासाठी बांधलेल्या १० लाख रुपयांपर्यंतच्या घराचे काम त्यातून वगळले गेले. एक कारागीर आणि तीन बिगारी यांनी चार दिवसांत उरकलेली छप्परदुरुस्ती या दोन्ही अटींनी बाहेर पडते. संसदेने २०२० मध्ये मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीच्या संहितेत दहा कामगारांची अट कायम राहिली आणि स्वतःच्या घरासाठीची सवलत ५० लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आली.